जंपर, ड्रायव्हर आणि आवाज: मल्टिमीडिया घरात आला ते दिवस

[दृश्य: टेबलावर उघडलेलं पुठ्ठ्याचं मोठं खोकं. आतल्या वस्तू एकेक करून बाहेर येतात.]

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, त्यांची पुढची मोठी खरेदी बहुधा हीच असायची. मल्टिमीडिया किट. आत एक साउंड कार्ड, एक सीडी-रॉम ड्राइव्ह, दोन छोटे स्पीकर, एक चपटी करडी केबल, चारदोन सीडी आणि एक फ्लॉपी. सीडी ड्राइव्ह चालू करणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, त्या फ्लॉपीवर. बरोबरच आहे, जो ड्राइव्ह मशीनला अजून दिसतच नाही त्यातली सीडी ते वाचणार कुठून? पण ही १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी खराब निघाली, की ६५० मेगाबाइटच्या सीडीचा उपयोग आरशापुरता.

ज्या मशीनमध्ये हे सगळं बसवायचं, ते मुळात ऑफिससाठी घडलेलं. १९८१ साली आयबीएमने पीसी आणला तेव्हा त्यात स्पीकर होता, पण चूक झाली की टुंक करण्यापुरता. आवाज कमीजास्त करायची सोय नाही. विजेचा प्रवाह चालू किंवा बंद, एवढंच त्याला समजे. १९८७ साली अ‍ॅडलिब कार्ड आलं. त्यावरची यामाहाची चिप एका वेळी नऊ सूर काढू शकत होती. ते संगीत ऐकायला छान, पण माणसाचा बोललेला आवाज त्यातून निघत नसे. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह लॅब्जने तीच चिप आपल्या कार्डावर घेतली आणि सोबत ध्वनिमुद्रित आवाज वाजवायची सोय दिली. त्या कार्डाचं नाव साउंड ब्लास्टर. पुढे ते इतकं खपलं, की इतर कंपन्या आपल्या कार्डाच्या खोक्यावर ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ असं ठळक छापू लागल्या. ही कम्पॅटिबिलिटी किती खरी, ते मात्र कार्ड बसवल्यावरच कळायचं.

१९९१ साली एमपीसी, म्हणजे मल्टिमीडिया पीसी, नावाचं मानक आलं. ३८६एसएक्स प्रोसेसर, २ मेगाबाइट रॅम, ३० मेगाबाइटची हार्ड डिस्क, सेकंदाला १५० किलोबाइट वाचणारा सीडी ड्राइव्ह. एवढं असलं तर तुमचा कॉम्प्युटर मल्टिमीडिया कॉम्प्युटर. कागदावर.

[दृश्य: कॅबिनेटचं झाकण काढलेलं. बोटांच्या चिमटीत एक इवलासा काळा जंपर.]

आता झाकण काढा. कार्ड स्लॉटमध्ये दाबून बसवणं सोपं. त्याच्या आधी जो निर्णय घ्यायचा, तो अवघड. कार्डाला तीन गोष्टी लागतात. पहिली, पत्ता: प्रोसेसरने त्याच्याशी कुठे बोलायचं. दुसरी, डीएमए चॅनल: प्रोसेसरला मधे न घेता मेमरीतून आवाजाचा डेटा थेट उचलायचा रस्ता. तिसरी म्हणजे आयआरक्यू, इंटरप्ट रिक्वेस्ट. वाढून दिलेलं संपलं, आता पुढचं वाढा, असं पंगतीत हाक मारून सांगावं, तशी ही कार्डाची प्रोसेसरला हाक. त्या काळच्या मशीनमध्ये अशा सोळा ओळी होत्या. पण शून्य क्रमांक घड्याळाचा, एक कीबोर्डचा, तीन आणि चार सीरियल पोर्टचे, सहा फ्लॉपीचा, चौदा हार्ड डिस्कचा. उरलेल्यांतून एक निवडायची आणि ती आणखी कोणी धरून ठेवलेली नाही याची खात्री स्वतःच करायची. मशीन सांगत नाही. कोणत्या स्लॉटमध्ये काय बसलंय, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही.

साउंड ब्लास्टर सुरुवातीला सात क्रमांक धरून यायचं. सात तर प्रिंटर पोर्टचा. गंमत म्हणजे डॉसमध्ये, त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, छपाई बहुतेकदा या हाकेशिवायच चालायची, त्यामुळे बऱ्याच घरांत दोघं एका क्रमांकावर सुखाने नांदत. मग कधीतरी ती ओळ खरोखर वापरणारं एखादं सॉफ्टवेअर यायचं, आणि कालपर्यंत बोलणारा कॉम्प्युटर आज मुका. पुढच्या कार्डांवर पाच क्रमांक रूढ झाला तो याच कटकटीमुळे.

चुकलं तर काय व्हायचं, ते ऐका.

[ध्वनी: एका शब्दाचा पहिला तुकडा पुन्हा पुन्हा. वे-वे-वे-वे-वे.]

बिघाड कुठे आहे, ते हा आवाजच सांगतो. स्पीकर ठीक, केबल ठीक, पत्ता बरोबर, डीएमएही बरोबर. नाहीतर हा पहिला तुकडासुद्धा ऐकू आला नसता. कार्डाने मेमरीतला एक तुकडा वाजवला, पुढचा द्या म्हणून हाक मारली आणि ती हाक भलत्याच ओळीवर गेली. प्रोग्रॅमला काही कळलं नाही. नवा डेटा आला नाही, म्हणून कार्ड जुनाच तुकडा पुन्हा वाजवत राहिलं. म्हणजे दोष आयआरक्यूचा. आणि अजिबात आवाज नाही, कार्ड सापडलंच नाही असा संदेश आला, तर आधी पत्ता तपासा. ही एवढी ताळ्यावरची लक्षणं त्या जमान्यात फार कमी होती. मला तरी हा बिघाड त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो.

आता खरी ग्यानबाची मेख. हा क्रमांक एका जागी लिहून भागत नाही. कार्डावर जंपरने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने, बसवायचा. मग मशीन सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक डॉट बॅट या फाइलमध्ये सेट ब्लास्टर अशी एक ओळ लिहायची: ए२२०, आय५, डी१, टी६. ए म्हणजे पत्ता, आय म्हणजे आयआरक्यू, डी म्हणजे डीएमए, टी म्हणजे कार्डाचा प्रकार. मग प्रत्येक गेमच्या, प्रत्येक सीडीच्या सेटअपमध्ये तेच आकडे परत. विंडोज असेल तर सिस्टिम डॉट आयएनआयमध्ये चौथ्यांदा. या चौघांत कोणी कोणाला विचारत नाही. त्या काळचे कितीतरी बिघाड हे बिघाड नव्हतेच. कार्ड धडधाकट, सॉफ्टवेअर धडधाकट, फक्त दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे. म्हणून जाणती माणसं कॅबिनेटच्या आतल्या बाजूला आकड्यांचा एक कागद चिकटवून ठेवत.

[दृश्य: सीडी ड्राइव्हची मागची बाजू. पिनांच्या दोन रांगा.]

सीडी ड्राइव्हचं दुखणं वेगळं. सुरुवातीचे अनेक ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या आयडीई जोडणीवर चालतच नसत. सोनीची जोडणी वेगळी, मित्सुमीची वेगळी, पॅनासॉनिकची आणखी वेगळी. म्हणून काही साउंड कार्डांवर या तिघांसाठी तीन सॉकेट असायचे. पॅनासॉनिकच्या पिना चाळीस, आयडीईच्याही चाळीस, त्यामुळे केबल भलतीकडे अगदी झोकात बसायची. लाल कडेची तार एक नंबरच्या पिनेकडे, हा नियम पाळला नाही तर ड्राइव्ह न चालण्याचं तेही एक कारण.

त्यानंतर दोन ओळी लिहायच्या. कॉन्फिग डॉट सिस या सुरुवातीलाच वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये ड्राइव्हचा ड्रायव्हर, आणि त्यात ड्राइव्हला दिलेलं एक नाव, बहुधा एमएससीडी००१. ऑटोएक्झेकमध्ये सीडीला डॉसमध्ये ड्राइव्हचं अक्षर देणारा एमएससीडीईएक्स हा प्रोग्रॅम, आणि तिथे तेच नाव, अक्षरन्‌अक्षर. एका शून्याचा फरक पडला तर डी ड्राइव्ह उगवायचाच नाही. सगळं बरोबर असूनही डॉसची आवृत्ती चुकीची आहे अशी तक्रार आली, तर सेटव्हर हा प्रोग्रॅम लावून जुन्या एमएससीडीईएक्सला डॉसची आवृत्ती खोटी सांगायची. हा अधिकृत उपाय होता, बरं का.

इतकं करून सीडी चालू झाली. गेममध्ये पावलं वाजतात, दारं करकरतात, पण संगीत नाही. ड्रायव्हर पुन्हा टाका, आकडे पुन्हा तपासा, काही फरक नाही. कारण सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. पावलांचा आवाज डेटा म्हणून मेमरीतून कार्डाकडे जातो. संगीत मात्र सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकसारखं नोंदलेलं, आणि ते ड्राइव्हकडून कार्डाकडे जातं एका बारीक, वेगळ्या तारेतून. ती तार खोक्याच्या तळाशी पुठ्ठ्याखाली राहून गेलेली असायची. खात्री करायला एक सोपी युक्ती होती: ड्राइव्हच्या तोंडाशी असलेल्या भोकात हेडफोन लावायचा. तिथे संगीत वाजलं, की तार शोधायला लागायचं.

[दृश्य: काळा पडदा, पांढरी अक्षरं. पुरेशी मेमरी नाही, असा संदेश.]

मशीनमध्ये ४ मेगाबाइट रॅम, आणि गेम ६०० किलोबाइट मिळत नाहीत म्हणून अडून बसलेला. मूळ पीसीच्या ८०८८ प्रोसेसरला १ मेगाबाइटपर्यंतच पत्ते मोजता येत. त्यातले वरचे ३८४ किलोबाइट पडद्यासाठी आणि रॉमसाठी राखून ठेवलेले. प्रोग्रॅमला उरले ६४०. पुढे रॅम वाढली, पण डॉसचे प्रोग्रॅम त्याच ६४० च्या खोलीत राहिले. आता त्याच खोलीत सीडीचा ड्रायव्हर, एमएससीडीईएक्स, माउसचा ड्रायव्हर, सगळे येऊन बसले. म्हणजे सीडीवरचा गेम चालवण्यासाठी जे घालावं लागतं, त्याच्यामुळेच गेमला जागा उरत नाही!

उपाय होते. हायमेम आणि ईएमएम३८६ हे मेमरी सांभाळणारे प्रोग्रॅम लावून ड्रायव्हर ६४० च्या वरच्या फटींत सरकवायचे. ड्रायव्हर कोणत्या क्रमाने चढवले, यावरही किती जागा वाचते ते ठरायचं, म्हणून ओळींची अदलाबदल करून प्रत्येक वेळी मशीन पुन्हा चालू करून बघायचं. १९९३ साली डॉस ६ बरोबर मेममेकर आला, तो हेच काम आपणहून करायचा. पण एका गेमला ईएमएम३८६ हवंच, दुसरा ते असेल तर सुरूच होणार नाही, अशी तऱ्हा. मग सुरुवातीलाच मेनू लिहून दोन वेगळ्या मांडण्या ठेवायच्या. डॉस ६ ने आणखी एक वरदान दिलं, एफ८ ही कळ. ती दाबली की कॉन्फिग डॉट सिसची एकेक ओळ विचारून पुढे जायची. ज्या ओळीला मशीन गोठलं, ती गुन्हेगार.

[दृश्य: पडद्याच्या मधोमध काड्यापेटीएवढी चौकट. आत एक धूसर, हलतं चित्र.]

१९९२ च्या शेवटी व्हिडिओ फॉर विंडोज आला आणि कॉम्प्युटरवर चित्रफीत हलू लागली. एवढ्याशा चौकटीत का, त्याचा हिशोब करून बघा. ६४० बाय ४८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, सेकंदाला १५ चित्रं: सेकंदाला ४६ लाख बाइट. सीडी देणार दीड लाख. १६० बाय १२० केलं, तरी लागतात जवळपास तीन लाख. म्हणून दाबणं आलं, आणि चित्र दाबणारे-उलगडणारे कोडेक आले: सिनेपॅक, इंडिओ. ज्या कोडेकने दाबलं तोच तुमच्या मशीनवर हवा. नसेल तर आवाज येणार, चित्र नाही. मशीन मंद असेल तर मधली चित्रं गाळून आवाज पुढे रेटला जायचा. बोलणारा माणूस पुतळ्यासारखा थिजलेला, बोलणं मात्र चालू. प्रत्येक सीडी आपल्याबरोबर कोडेकच्या फाइलींची स्वतःची प्रत आणायची आणि काही सीडी नव्या फाइलींवर आपल्या जुन्या बेधडक ओतायच्या. मग आज टाकलेली सीडी चालते आणि गेल्या महिन्यातली बंद पडते.

हे घराघरातलं दुखणं चव्हाट्यावर आलं १९९४ च्या नाताळात. डिस्नेची लायन किंगवरची मुलांची सीडी बऱ्याच घरी भेट म्हणून गेली. ती विंजी या मायक्रोसॉफ्टच्या नव्या ग्राफिक्स सुविधेवर अवलंबून होती, आणि कॉम्पॅकच्या काही प्रेझारिओ मशीनमधल्या ड्रायव्हरबरोबर तिची नीट चाचणी झालेली नव्हती. सणाच्या सकाळी पोरं पडद्यासमोर, मशीन ठप्प, आईबाप फोनवर. मायक्रोसॉफ्टची गेमसाठीची पुढची सुविधा, डायरेक्टएक्स, कशी जन्माला आली ते सांगताना हा प्रसंग हमखास निघतो. ती १९९५ च्या सप्टेंबरमध्ये आली.

तिच्या महिनाभर आधी, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ आलं होतं. कार्डाने आपली ओळख स्वतः सांगायची, आकडे सिस्टिमने वाटून द्यायचे, अशी प्लग अँड प्लेची योजना. नवं कार्ड असेल तर खरोखर जमायचं. जुनं, जंपरवालं कार्ड सोबत असेल, तर ते काहीच सांगायचं नाही; सिस्टिम त्याचाच क्रमांक दुसऱ्याला देऊन बसायची आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह उमटायचं. पुढे सीडी ड्राइव्ह हार्ड डिस्कच्याच जोडणीवर आले, पीसीआय या नव्या स्लॉटच्या कार्डांना आयआरक्यू वाटून घेता येऊ लागला, आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसली. जंपर बदलायचं काम संपलं.

[दृश्य: आजचा लॅपटॉप. एका खिडकीत जुना डॉस गेम.]

त्या सीडी आज चालवायच्या तर डॉसबॉक्स हा जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम लागतो. त्यात साउंड ब्लास्टर नावाची वस्तूच नसते. सगळी नक्कल, सॉफ्टवेअरची. तरी त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ अशा ओळी आहेत, कारण गेमचा सेटअप ते विचारतोच. त्याला पाच सांगितलंत, तर फाइलमध्येही पाच करायला विसरू नका.