1768 साली आपण कुठल्या बाजूला होतो?

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या लष्करी परंपरेवर बोला, म्हणून मला इथं उभं केलंय. मी भरतीला गेलो होतो हे संयोजकांना कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. निकाल सांगितलेला दिसत नाही. छाती फुगवल्यावर 5 सेंटीमीटर वाढायला लागते. माझं पोट वाढलं.

यंदा सुट्टीत बेळगावला चुलतभावाच्या पोराची कसम परेड बघितली. मराठा लाइट इन्फन्ट्री या पायदळ रेजिमेंटचं सेंटर 1922 पासून आपल्या कॅम्पात. त्या बिगुलावर आपल्यातल्या किती जणांनी शाळेसाठी डोळे उघडलेत! मैदानात तिरंगा आला, पोरांनी धर्मग्रंथावर हात ठेवून कसम घेतली. डोईला लाल-हिरवा तुरा. खानापूरचा, साताऱ्याचा, कन्नड घरातला, सगळे एका ओळीत. हुकूम हिंदीत, 'दाहिने देख', आणि घोषणा शिवाजी महाराजांच्या नावाची. वहिनी पदरानं डोळे पुसत होती.

मला स्फुरण चढलं. घरी आल्यावर अकरा वर्षांच्या लेकीला म्हटलं, "पहिली पलटण 1768 ची, जंगी पलटण! आणि रेजिमेंटचा दिवस 4 फेब्रुवारी, तानाजीनं कोंढाणा घेतला तो."

"1768 ला तर पेशवे होते ना? मग पलटण कुणी उभारली?"

"ईस्ट इंडिया कंपनीनं."

"म्हणजे आपण कुणाच्या बाजूला?"

आण्णा समोरच. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बशीतला चहा धोतरावर. "तिकडं असलंच शिकवतात काय गा पोरांना?" झालं, दोन दिवस घरात अबोला.

मी रेजिमेंटच्याच यशवंत घाडगे आणि नामदेव जाधवांची नावं काढली. 1944 आणि 1945, इटली, व्हिक्टोरिया क्रॉस, सर्वोच्च शौर्यपदक. आमच्या कन्याबाई शांतपणे म्हणाल्या, "व्हिक्टोरिया म्हणजे त्यांचीच राणी ना?"

रागावू नका, पण आपण काय करतो? शिवजयंतीला भाड्याचे फेटे, तासभर उशिरा निघालेली मिरवणूक, चौथ्या पावलाला मोडलेली ओळ. घोषणा मात्र खणखणीत. आणि आपल्यातल्या कुणाचा पोरगा कुठल्या फौजेत गेलाय? हात वर करा. ...बरं, राहू दे. मीही केला नाही.

पोटासाठी कंपनीत शिरलेला तो पहिला शिपाई आणि पोटासाठी गाव सोडून इथं आलेले आपण, यात फरक काय, असं मनात येतं. पण हे तिला सांगू कसं? आणि आण्णांना?

परवा फोनवर आण्णांनीच विषय काढला. "पोरीला काय सांगितलंस?"

म्हटलं, "उद्या सांगतो म्हटलंय."

त्या 'उद्या'ला आता तीन आठवडे झाले.