आकडा लिहिण्याआधी

मित्रहो, तुमच्यापैकी बरेच जण नेत्रतपासणीच्या खोलीत रोज दहा-वीस जणांच्या डोळ्यांचा दाब मोजता. केसपेपरवर १८ लिहिता, २४ लिहिता आणि पुढच्या रुग्णाला हाक मारता. त्या आकड्याकडे बघून डॉक्टर थेंब सुरू करायचे की नाही ते ठरवतात, आणि काचबिंदूचे थेंब एकदा सुरू झाले की बहुधा जन्मभर चालतात. म्हणून आज फक्त त्या आकड्याबद्दल बोलतो.

आपण वापरतो ते ॲप्लानेशन टोनोमीटर, म्हणजे डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र, हान्स गोल्डमन यांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे १९५०च्या दशकात तयार केलं. पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, ठरावीक भाग सपाट करायला किती जोर लागतो, ते त्यात मोजतात. त्या भागाचा व्यास ३.०६ मिलिमीटर. हाच का? पारपटलाचा ताठपणा प्रिझमला, म्हणजे यंत्राच्या डोळ्याला टेकणाऱ्या टोकाला, मागे ढकलत असतो आणि अश्रूंचा थर त्याला डोळ्याकडे ओढत असतो. या व्यासाच्या आसपास दोघांची फिटंफाट होते. शिवाय ०.१ ग्रॅम जोर म्हणजे १ मिलिमीटर पारा इतका दाब, असा सोपा हिशेब बसतो. मला ही रचना आजही फार सुंदर वाटते.

पण हा हिशेब साधारण ५२० मायक्रॉन जाडीच्या पारपटलाला धरून आहे. पारपटल जाड असेल तर आकडा वाढून येतो, पातळ असेल तर कमी येतो. लेसर करून चष्मा घालवलेल्यांचं पारपटल पातळ झालेलं असतं. त्यांचा १५ बघून निर्धास्त होऊ नका. ती शस्त्रक्रिया झाली आहे का, हे आवर्जून विचारा. पॅकिमेट्री, म्हणजे पारपटलाच्या जाडीची मोजणी, एकदा तरी करा, पण जाडीवरून इतके मिलिमीटर मिळवा किंवा वजा करा, असे तक्ते वापरू नका. एकेका रुग्णाच्या बाबतीत ते भरवशाचे नाहीत. जाडी शेजारी लिहून ठेवा.

आता आपल्या हाताकडे येऊ. एक आजी आल्या होत्या, अंगानं स्थूल. हनुवटी टेकायची म्हणून छाती टेबलावर दाबलेली, ब्लाउज घट्ट, आणि भीतीनं श्वास रोखलेला. दाब आला २६. मी स्टूल पुढे घेतलं, टेबल खाली केलं आणि म्हटलं, "आजी, श्वास चालू ठेवा, दुखणार नाही." थोडं थांबून पुन्हा मोजला, तर १९. पापणी उघडताना बोट बुबुळावर आलं तरी असंच होतं. बोट नेहमी भुवईखालच्या हाडावर टेकवा.

निळ्या प्रकाशात दिसणारी हिरवी अर्धवर्तुळं नीट बघा. डोळ्यात घातलेला फ्लोरेसीन हा रंग जास्त झाला तर ती जाड दिसतात आणि आकडा फुगतो. फारच कमी असला तर बारीक दिसतात आणि आकडा घसरतो. जाड दिसली तर प्रिझम पुसून पुन्हा लावा. दोन्हींच्या आतल्या कडा जेमतेम भिडल्या पाहिजेत. नाडीबरोबर त्या पुढेमागे हलतात, तेव्हा हलण्याच्या मध्यावर थांबा. तिरपा नंबर (सिलिंडर) ३ डायॉप्टरच्या वर असेल तर प्रिझम लाल खुणेला लावायचं विसरू नका. आणि समाधान होईना म्हणून पाच-सहा वेळा लागोपाठ टेकवू नका, त्यानं दाब खरोखरच उतरतो.

हवेच्या फुंकरीचं यंत्र शिबिरात सोयीचं आहे. त्यावर एकच फुंकर मारून मोकळं होऊ नका, तीन घेऊन सरासरी काढा. आणि वेळ लिहा. सकाळी ८ चा २० आणि संध्याकाळी ५ चा १६ हे एकाच निरोगी डोळ्याचे असू शकतात.

शेवटी, यंत्र बरोबर मोजतंय का ते तपासायची, पेटीत ठेवलेली धातूची दांडी. तिच्यावर ०, २ आणि ६ ग्रॅमच्या खुणा आहेत. मी शिकत असताना एका यंत्रावर कित्येक आठवडे ३ मिलिमीटर जास्त दाब येत होता. कोणालाच कळलं नाही, कारण दांडी पेटीतून कोणी काढलीच नव्हती. ती २ ग्रॅमच्या खुणेवर लावून ड्रम, म्हणजे आकड्यांची फिरती चकती, २० वर आणा. प्रिझमचा हात २० च्या अर्धा मिलिमीटर अलीकडे-पलीकडे डुलला पाहिजे. ० आणि ६० लाही असंच तपासा. दोन मिनिटांचं काम आहे. हे यंत्र इथे मांडलेलं आहे, पेटी शेजारी आहे. दोघं-दोघं पुढे या आणि स्वतःच्या हातानं लावून बघा.