डुकराचं हृदय, माणसाचं रक्त

मंडळी, विषय जरा किचकट आहे, पण एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. डुकराचा अवयव माणसाच्या रक्तवाहिन्यांना जोडलाय. सर्जन रक्तवाहिनी दाबून धरणारा चिमटा सोडतो, रक्त आत शिरतं, अवयव छान गुलाबी होतो. आणि बघता बघता त्यावर निळे-काळे डाग उमटू लागतात, आतल्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. काही मिनिटांत, फार तर काही तासांत तो निकामी. साध्या, जनुकं न बदललेल्या डुकराचा अवयव असेल तर हे असंच होतं.

इतक्या झटपट कसं? कारण तयारी आधीपासूनच झालेली असते. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ती आहे. आपल्या पूर्वजांनी मात्र ती बनवण्याची क्षमता कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावली. आपल्या आतड्यातल्या काही जिवाणूंवर तशीच साखर सापडते, त्यामुळे शरीर लहानपणापासून तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे परक्या गोष्टींना चिकटणारी प्रथिनं (अँटीबॉडीज), तयार करत राहतं. रक्तातल्या एकूण प्रतिपिंडांपैकी सुमारे १ टक्का याच कामाला जुंपलेली असतात. म्हणजे पहारा जिवाणूंवर आणि तावडीत सापडतं डुक्कर! ही प्रतिपिंडं रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटली की रक्तातली पूरक प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीला धावणारी, जागी होतात आणि अस्तराच्या पेशींना अक्षरशः भोकं पाडतात. अस्तर गेलं की रक्त गोठणारच.

मग माकड का नको, असं कुणीतरी विचारणारच. ते आपल्या जवळचं आहे, हीच अडचण. त्याचे विषाणू आपल्याला सहज लागू शकतात. शिवाय डुक्कर भराभर वाढतं आणि त्याचे अवयव आपल्या मापाचे असतात.

तर ७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरला डेव्हिड बेनेट यांना डुकराचं हृदय बसवलं. त्या डुकराच्या १० जनुकांत बदल केलेले होते. आपल्याला खटकणाऱ्या तीन साखरांची जनुकं बंद, हृदय वाढत राहू नये म्हणून वाढीचं एक बंद, आणि माणसाची सहा जनुकं घातलेली. त्यातली काही पूरक प्रथिनांना आवर घालणारी, काही रक्त गोठू न देणारी. रक्तवाहिनीवरचा चिमटा सोडला आणि काळे डाग पडले नाहीत. माझ्या मते तिथेच मोठी लढाई जिंकली होती. बेनेट सुमारे दोन महिन्यांनी गेले म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला अपयश म्हटलं, ते मला पटत नाही.

ते का गेले, हे मात्र नीट ऐका. त्या हृदयात डुकराचा एक विषाणू लपून राहिलेला होता. दुसरं असं की, जंतुसंसर्गाशी लढता यावं म्हणून त्यांना अनेक दात्यांच्या रक्तातून गोळा केलेली प्रतिपिंडं दिली गेली. त्यांतही डुकराच्या पेशींना चिकटणारी होतीच. उपचाराच्या बाटलीतूनच शत्रू आत! शवविच्छेदनात हृदयाचं वजन जवळजवळ दुप्पट झालेलं दिसलं. नेहमीच्या नकाराची, म्हणजे शरीरानं परका अवयव नाकारल्याची, खूण मात्र नव्हती. कारणं अनेक असावीत, एकावर बोट ठेवता येत नाही.

आता टोवाना लूनी. या बाईंनी १९९९ मध्ये आईला एक किडनी दिली, पुढे गरोदरपणातल्या गुंतागुंतीनंतर स्वतःची उरलेलीही गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांना डुकराची किडनी बसवली आणि ती एकूण १३० दिवस शरीरात राहिली, त्यातला बराच काळ उत्तम चालली. मग जंतुसंसर्ग झाला. त्याच्याशी लढायला प्रतिकारशक्ती हवी, म्हणून ती दाबणारी औषधं डॉक्टरांनी कमी केली. आणि इतके दिवस गप्प असलेला नकार उफाळून आला. एप्रिल २०२५ मध्ये किडनी काढावी लागली, बाई परत डायलिसिसवर. पहिल्या काही मिनिटांचा नकार जनुकं बदलून टळतो. पण महिन्यांनी येणारा हा नकार औषधांच्या मात्रेवर तोललेला आहे आणि ती मात्रा ठरवणं हे अजूनही रोज नव्यानं करायचं काम आहे.

लूनींच्या रक्तात माणसांच्याच पेशींविरुद्ध इतकी प्रतिपिंडं होती की जुळणारा मानवी दाता मिळणं जवळपास अशक्य होतं. डुकराच्या किडनीची सगळ्यांत जास्त गरज अशाच रुग्णांना आहे. आणि त्यांच्या याच प्रतिपिंडांपैकी काही डुकराच्या पेशींवरच्या तत्सम प्रथिनांनाही चिकटू शकतात. आता प्रश्न विचारा.