जुनी विंडोज खरंच पळायची का?

नमस्कार मंडळी. विषय पत्रिकेवर छापलाय तोच आहे, गेमसाठी विंडोज कुठली बरी, जुनी की नवी. एक्सपीपासून अकरापर्यंत क्रमाने जायचं ठरवून आलोय. पण आधी नऊ नंबरच्या मशीनबद्दल सांगू द्या, कारण या बाबतीतलं माझं सगळं मत त्या एका डब्यापाशी तयार झालं.

साल २००७. इचलकरंजीत एका काकांचा नेटकॅफे होता, तिथे मी संध्याकाळी बसायचो. आठ मशीन, आठही एक्सपीवर. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट आत. पुढच्या रांगेत काउंटर स्ट्राइक, मधे व्हाइस सिटी, कोपऱ्यात एज ऑफ एम्पायर्सवाले दोघं, जे तासाचे पैसे भरून तीन तास बसायचे आणि काका त्यांना उठवायचे नाहीत. दिवाळीला काकांनी नववं मशीन आणलं. काळा चकचकीत डबा, आत व्हिस्टा, म्हणजे एक्सपीनंतरची नवी विंडोज. पारदर्शक खिडक्या बघायला पहिल्या दिवशी रांग लागली. तिसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर कोणी बसेना. व्हाइस सिटीत बाइक वळवली की चित्र अडकायचं, मग एकदम पुढे उडी, तोवर बाइक समुद्रात. "दादा, नऊ नको, नऊवर व्हिस्टा आहे." हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकायचो.

एका रविवारी फॉरमॅट मारून एक्सपी टाकली. गेम सुरळीत चालला. झालं, गल्लीत निकाल लागला, जुनं ते सोनं. दोन वर्षं मीही तेच सांगत फिरलो, अगदी मनापासून.

मग एकदा पंखा साफ करायला तो डबा उघडला. आत रॅमची एकच पट्टी, ५१२ एमबीची. काकांनी पैसे १ जीबीचे मोजले होते. ग्राफिक कार्ड नाहीच. चित्राचं काम मदरबोर्डवरच्या चिपवर, आणि तिला स्वतःची मेमरी नसल्यामुळे तीही त्याच ५१२ मधून वाटा उचलायची. व्हिस्टाच्या त्या पारदर्शक खिडक्यांसाठी १ जीबी हवी, हे तेव्हा खोक्यावरच छापलेलं असायचं. म्हणजे उपाशी बैलाला नांगराला जुंपलं आणि वर नांगरालाच शिव्या दिल्या. विकणाऱ्याचा मला आजही राग येतो, कारण त्या पैशांसाठी काकांनी भिशी उचलली होती.

मी १ जीबीच्या दोन पट्ट्या घातल्या, सेकंडहँड कार्ड लावलं, नवे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारे प्रोग्राम, टाकले आणि पोरांना न सांगता परत व्हिस्टाच चढवली. कॅफेतली सगळी मशीनं आम्ही राखाडी क्लासिक थीमवर ठेवायचो, नऊलाही तीच लावली. आठवडाभर एकही तक्रार आली नाही. त्यातला एक जण मला म्हणाला, "दादा, एक्सपी मस्त टाकलीय हां."

आता हे नीट बघा. मी चार गोष्टी एकदम बदलल्या होत्या, रॅम, कार्ड, ड्रायव्हर आणि थीम. त्यामुळे व्हिस्टा एक्सपीइतकीच वेगवान होती असं यातून सिद्ध होत नाही. सिद्ध इतकंच होतं की आम्ही विंडोजला नव्हे, उपाशी मशीनला मोजत होतो. आणि व्हिस्टा जास्त खायची ते उगाच नव्हे. एक्सपीत ग्राफिक ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसायचा. तो कोसळला की निळा स्क्रीन, अख्खं मशीन बंद. व्हिस्टाने त्याचा मोठा भाग कर्नलबाहेर काढला. कार्ड अडकलं तर स्क्रीन क्षणभर काळा, ड्रायव्हर पुन्हा सुरू, फार तर गेम बंद. कॅफे चालवणाऱ्याला विचारा याची किंमत.

चालत नाही आणि हळू चालतं यांचीही गल्लत होते. विंडोज ७ वर एज ऑफ एम्पायर्स २ लावला की गवत लाल, पाणी जांभळं. मशीन हळू नव्हतं. गेम २५६ रंगांचा, आणि रंगांच्या तक्त्यावरून एक्सप्लोररशी, म्हणजे डेस्कटॉप दाखवणाऱ्या प्रोग्रामशी, त्याची ओढाताण. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद केला की गवत हिरवं. कोपऱ्यातल्या त्या दोघांना हे मी फोनवर सांगितलंय, ते नोकरीला लागल्यावर.

चिठ्ठी आलीय, सातच मिनिटं उरलीत. म्हणजे जे सांगायला बोलावलं ते आता पळत.

३२ बिटची एक्सपी ४ जीबी रॅमच्या आतच अडकते, एका गेमच्या वाट्याला साधारण २ जीबी, आणि गेमचं चित्राचं काम कार्डापर्यंत पोचवणारा विंडोजचा भाग म्हणजे डायरेक्टएक्स, त्याच्या ९ च्या पुढे ती जात नाही. सातमध्ये पारदर्शक रूप बंद करता यायचं. आठपासून सगळ्या खिडक्या जुळवून स्क्रीन बनवणारी, त्या पारदर्शक रूपामागची यंत्रणा कायम चालू, म्हणून जुना गेम खिडकीत खेळण्यापेक्षा फुलस्क्रीन खेळा. २०१५ ला दहा आली, सोबत डायरेक्टएक्स १२, त्यामुळे चित्राचं काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटता येऊ लागलं. नव्या गेमना तिथून मागे फिरणं नाही. अकरा २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीनेच सांगितलं की त्यांच्या प्रोसेसरवर काही गेम १० ते १५ टक्के मंदावतात. दुरुस्ती त्याच महिन्यात आली, पण 'अकरा हळू' हे लोकांच्या डोक्यात राहिलं. अकरात मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण नव्या मशीनवर बहुधा चालूच असतं आणि ते थोडा वेग खातं. खेळताना बंद करा, नंतर आठवणीने चालू करा, असं २०२२ ला मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं. उलट इंटेलच्या प्रोसेसरच्या बाराव्या पिढीपासून मोठे-छोटे असे दोन जातींचे कोअर आले, त्यांच्यात काम वाटायला अकराच जास्त हुशार.

मोजताना सरासरी एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं यावर, जाऊ नका. ६० एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक चित्र. एखादंच चित्र १०० घेऊन बसलं तर सरासरीत दिसत नाही, पण बाइक समुद्रात जाते. आणि पाच वर्षं वापरलेल्या जुन्या विंडोजची तुलना कालच टाकलेल्या नव्या विंडोजशी करू नका. दोन्ही कोऱ्या टाका, मशीन तेच, ड्रायव्हर त्या-त्या विंडोजसाठीचा शेवटचा.

सात नेटला जोडू नका, २०२० पासून तिला दुरुस्त्या नाहीत, गेम विकणाऱ्या स्टीमनेही २०२४ ला तिची साथ सोडली. दहाची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

नऊ नंबरचा डबा मी आज सोबत आणलाय, बाहेर चहाच्या टेबलाजवळ ठेवलाय. दोन हार्डडिस्क आहेत, एकीवर एक्सपी, दुसरीवर सात, दोन्हींना तीच राखाडी थीम. व्हाइस सिटी दोन्हीवर आहे. कुठली कुठली ते मी सांगणार नाही, खेळा आणि चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्या.