आधी शब्द, मग हात

(दृश्य : सकाळ, सोसायटीचं पार्किंग. सात महिन्यांचा गावठी कुत्रा.)

मोतीला ‘बस’ येतं, असं घरातल्या सगळ्यांचं ठाम मत. शिकवायला आलेल्या ताई म्हणतात, “काका, हात पाठीमागे घ्या आणि सांगा बरं.”

“मोती, बस.”

मोती काकांच्या खांद्याकडे बघतो. हात कुठे गेला?

“बस!” आवाज चढतो. मोती जांभई देतो. ही झोपेची नव्हे. गोंधळलेलं कुत्रंही जांभई देतं.

मोती शब्द शिकलाच नव्हता. तो हात शिकला होता.

(दृश्य : हात, अगदी जवळून.)

चिमटीत उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. तो नाकाशी धरायचा आणि सावकाश डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. हात फार उंच गेला तर कुत्रं उडी मारतं, आणि बोलणी त्यालाच बसतात! टेकल्याक्षणी ‘शाब्बास’ आणि खाऊ. काही वेळा जमलं की रिकाम्या हातानं तीच खूण करायची आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्यायचा.

इथवर काकांचं बरोबर होतं. पण ‘बस’ म्हणताना त्यांचा हातही उठायचा. दोन्ही एकदम आलं की कुत्रं हात बघतं, शब्द कानाआड जातो. म्हणून आधी शब्द, मग क्षणभर थांबायचं, मग हात. शब्दामागून हात येतो हे उमगलं की ते हाताची वाट बघत नाही.

मराठी घरात आणखी एक गोची. मोती अंगावर झेपावला की आजी ओरडतात, “बस, बस, बस!” म्हणजे पुरे. एकच शब्द, कधी खाऊ, कधी ओरडा. त्यानं समजायचं काय? ताईंनी शब्दच बदलला : ‘सिट’. ‘बस’ आजींकडे राहिला.

(दृश्य : संध्याकाळ, रस्त्यावर ढोल-ताशा.)

हाताची खूण मात्र मोडायची नाही. या गोंगाटात तीच कामी येते. म्हातारपणी कान गेले तरी डोळ्यांना ती कळते. बहिरी कुत्री तर खुणांवरच शिकतात.

(दृश्य : काही दिवसांनी, तेच पार्किंग.)

काकांचे हात पाठीमागे. “सिट.”

मोती खांद्याकडे बघतो. बूड अर्धवट खाली येतं, पुन्हा वर जातं. मग टेकतं.

जिन्यावरून आजींचा आवाज : “बस झालं आता, खाऊ द्या त्याला!”