वाईनच्या द्राक्षाचा काटा कोणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार.

२०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं एक निर्णय घेतला होता, आठवत असेल. एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात वेगळं कपाट करून तिथं वाईन विकायला परवानगी द्यायची, असा. मग काय, चावडीपासून टीव्हीपर्यंत दुसरा विषय नव्हता. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधक तुटून पडले, आणि सरकार म्हणत राहिलं की हे सगळं शेतकऱ्यासाठी चाललंय. तो निर्णय पुढे अमलात आलाच नाही.

वाईन प्यावी की पिऊ नये, हा वाद आज मी बाजूला ठेवणार आहे. ज्याला घालायचाय त्यानं तो जरूर घालावा. मला एवढंच विचारायचंय, की शेतकऱ्याचं नाव घेऊन इतकं भांडण झालं, त्यात बागेतून निघालेल्या क्रेटला काय दर मिळतो, तो कोण ठरवतो आणि पैसे किती दिवसांत हातात पडतात, हे कोणी बोललं का? माझ्या तरी कानावर आलं नाही.

थोडं मागे जाऊ. २००१ मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. उत्पादन शुल्क माफ केलं, परवान्याची वाट सोपी केली, निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. त्याआधी नारायणगावला वाईन होत होती, नाशिकजवळ नव्या बागा उभ्या राहायला लागल्या होत्या. धोरणानं त्याला वेग दिला. आज नाशिकला देशाची वाईन राजधानी म्हणतात, त्यात या धोरणाचा मोठा वाटा आहे, हे मोकळेपणानं कबूल करायला हवं. पण त्यातल्या सवलती कारखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबल्या. कारखाना चालला की बागायतदाराचं आपोआप भलं होईल, असं गृहीत धरलं होतं.

ते किती कच्चं होतं, हे २००८ नंतर दिसलं. जगभर मंदी आली, त्यात मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वायनऱ्यांच्या, म्हणजे वाईन कारखान्यांच्या, टाक्या जुन्या मालानं भरलेल्या. नवीन द्राक्षं घ्यायची कुठं? काहींनी माल उचललाच नाही, काहींनी उचलला आणि पैसे थकवले. नाशिक आणि नारायणगाव पट्ट्यात चांगल्या उमेदीतल्या शिराझ, कॅबरने या वाईनच्या वाणांच्या बागांवर लोकांनी कुऱ्हाड चालवली. कुणी वेलीवर कलमाचे डोळे भरून पुन्हा थॉमसन ही खाण्याची द्राक्षं केली, कुणी थेट टोमॅटो लावला.

आता शहरातल्या श्रोत्यांना वाटेल, द्राक्षं ती द्राक्षं, दुसऱ्याला विकायची. गोम इथंच आहे. खाण्याच्या द्राक्षाचं एका व्यापाऱ्याशी जमलं नाही तर दुसरा येतो, निर्यातीचा दर पडला तर स्थानिक बाजार आहे, तोही पडला तर तासगावच्या बाजूला बेदाण्याचं शेड आहे. वाईनच्या द्राक्षाला यातलं काही नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात नेलं तर गिऱ्हाईक हातही लावणार नाही. वेल लावल्यापासून पहिलं पीक हाती यायला दोन-तीन वर्षं जातात, आणि ते आलं की घेणारा बहुतेक वेळा एकच. तोडल्यावर काही तासांत गाळपाला गेलं पाहिजे. ज्याच्याकडे थांबायला वेळ नाही आणि दुसरं दार नाही, त्यानं भाव काय करायचा?

त्यातही एक बारकावा आहे, तो जरा सविस्तर सांगतो. वाईन द्राक्षाचा दर वजनावर असतो, पण माल कधी तोडायचा हे साखरेवर ठरतं. ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप; ब्रिक्समीटरवर रस टाकला की आकडा दिसतो. साधारण बावीस, तेवीस, चोवीस ब्रिक्सच्या आसपास तोड होते. आता समजा बाग बावीसवर आली आहे. वायनरीचा माणूस येतो आणि म्हणतो, अजून आठवडाभर थांबू, साखर वाढू दे, रंग येऊ दे. त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, वाईन चांगली होते. पण या आठवड्यात वेलीवर काय होतं? मण्यातलं पाणी उडतं, मणी सुकायला लागतो, घडाचं वजन उतरतं. शिवाय फेब्रुवारीत अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर अख्खी बाग हातची जाते. म्हणजे चांगल्या वाईनसाठी थांबायचा फायदा एकाला, घट आणि जोखीम दुसऱ्याला. वर तो ब्रिक्स मोजणार कोण? बहुतेक ठिकाणी घेणाराच. काटा त्याचा, मीटर त्याचं, आणि पावती नंतर.

यावर तोडगा अवघड नाही. वायनरीनं ठरलेल्या ब्रिक्सच्या पुढे थांबायला सांगितलं, तर त्या दिवसापासून घटीची भरपाई करारात लिहिलेली असावी. नाहीतर किलोऐवजी एकरावर दर बांधावा. कॅलिफोर्नियात उंची वाईनच्या काही बागांचे करार असे होतात. नमुना घेताना बागायतदार हजर असावा आणि वाद झाला तर तिसऱ्याकडे तपासणी व्हावी. पुण्याजवळ मांजरी इथं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांच्या देखरेखीखाली हे सहज बसवता येईल.

आणि पैशाची मुदत. ऊस उत्पादकांना मी हे नव्यानं सांगायला नको. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यावी लागते, नाही दिली तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. कारखाने ती किती पाळतात, हा आंदोलनांचा विषय आहे, मान्य. पण निदान बोट ठेवायला कलम तरी आहे. कारखान्यावर जप्तीची कारवाई करा म्हणून साखर आयुक्तांच्या दारात जाऊन बसता येतं. वाईनचं द्राक्षही उसासारखंच एका कारखान्याशी बांधलेलं पीक आहे. त्याला ना चौदा दिवस, ना व्याज, ना आयुक्त.

आपलंच हे रडगाणं आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगानं २०१९ मध्ये वाईन द्राक्षांच्या बाजाराचा सविस्तर अभ्यास केला. तिथल्याही तक्रारी ऐका: पैसे अनेक महिन्यांनी मिळतात, दर उशिरा कळतो, साखर मोजण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी. आयोगानं माल दिल्यापासून तीस दिवसांत पैसे आणि मोजणीचं एकसारखं मानक असावं, अशी शिफारस केली. आणि फ्रान्समध्ये तर १९०७ साली दक्षिणेकडच्या लांगदोक भागात द्राक्ष उत्पादक लाखोंच्या संख्येनं रस्त्यावर आले होते. साखर आणि पाणी घालून केलेल्या बनावट वाईननं त्यांचा भाव मारला होता. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच जूनच्या अखेरीस कायदा झाला आणि प्रत्येक उत्पादकानं आपल्या पिकाची नोंद सरकारला द्यायची, असं ठरलं. बाजारात वाईन किती आणि बागेत द्राक्षं किती, याचा ताळा त्यामुळं लागायला लागला.

आपल्याकडे हा ताळा नाही. कुठल्या गटात कोणता वाण, कुठल्या खुंटावर, कोणत्या वर्षी लावला, किती माल निघाला आणि कोणाला गेला, याची वाईन द्राक्षासाठी वेगळी नोंदवही हवी. निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंदणी आपण वर्षानुवर्षं करतोच आहोत, म्हणजे यंत्रणेला हे जमतं. आता ते गरजेचंही झालंय. आयात वाईनवर दीडशे टक्के शुल्क होतं, पण ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २०२२ च्या डिसेंबरात लागू झाला आणि तिथल्या महागड्या बाटल्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरायला लागलं. उद्या बाहेरून स्वस्त वाईन पिंपात आणून इथं बाटलीत भरली गेली, तर लेबलवरचं 'नाशिक' हे नाव कुठल्या बागेचं, हे नोंदीशिवाय कसं कळणार?

मग सरकारनं वायनऱ्यांवर नवा इन्स्पेक्टर बसवायचा का? मला तो उपाय पसंत नाही. लहान वायनऱ्या आधीच उत्पादन शुल्क खात्याच्या कागदांनी जेरीस आल्यात. त्यांची अडचणही खरी आहे: आज घेतलेल्या द्राक्षाची रेड वाईन विकायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि पैसे मात्र आत्ता द्यायचे.

पण सरकारच्या हातात एक चावी आधीच आहे. राज्यात वाईनवर वीस टक्के व्हॅट आहे आणि वाईन उद्योग प्रोत्साहन योजनेत त्या वीसपैकी सोळा टक्के वायनरीला परत मिळतात. मधे ही योजना अडली होती. २०२४ च्या सुरुवातीला ती आणखी पाच वर्षांसाठी मंजूर झाली. हा परतावा जनतेच्या करातला पैसा आहे. तो देताना एकच अट घाला: ज्या बागायतदारांचा माल घेतला, त्यांचे पैसे ठरल्या मुदतीत खात्यात गेल्याचा बँकेचा दाखला जोडा. दाखला नाही, तर परतावा नाही. आणि ज्या लहान वायनरीला खेळतं भांडवल कमी पडतं, तिला याच परताव्याच्या तारणावर बँकेनं हंगामी कर्ज द्यावं. दोघांचं भागतं.

शेतकरी बंधू-भगिनींनो, कायदा होईल तेव्हा होईल. येत्या गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबरच्या सुमाराच्या छाटणीआधी, तुमच्या हातात करार येईल, तेव्हा घाई करू नका. किती ब्रिक्सला तोड, त्यापुढे थांबायला लावलं तर भरपाई काय, वजन कुठल्या काट्यावर, माल नाकारायचा तर किती तासांत आणि लेखी कारण देऊन का, आणि पैसे कोणत्या तारखेला, हे कागदावर येऊ द्या. शेजारचे पाच-दहा बागायतदार मिळून बोललात तर समोरचाही ऐकतो. करार इंग्रजीत असला तर मराठी प्रत मागा आणि सही दोन्हींवर घ्या.

नमस्कार.