बोंडअळी अंड्यात आहे, तोवरच

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या (फुलांच्या कळ्या) लागल्या की कृषी केंद्रावर एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा बोंडअळीवर काय मारायचं?" विचारायला हवं ते, "कधी?"

गुलाबी बोंडअळीची मादी पतंग रात्री पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि बघता बघता आत शिरते. तिनं पाडलेलं छिद्र बुजतं, बोंड वरून हिरवंगार दिसतं. मग कितीही फवारा, औषध सालीवरच राहतं. शेतात डोमकळी, म्हणजे पाकळ्या चिकटून न उमललेलं फूल, दिसली, म्हणजे अळी आधीच आत पोचली. तिला गाठायचं तर अंड्यातच, आणि त्या कामाला ट्रायकोग्रामा आहे.

ही गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, पण जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. माणसाला चावत नाही, डंख मारत नाही. हिची मादी बोंडअळीच्या पतंगानं घातलेल्या अंड्यावर चढते, मिशांनी ते चाचपून बघते आणि मग त्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आतला सगळा ऐवज खाऊन वाढतं. तीन-चार दिवसांत पतंगाचं अंडं काळं पडतं. आठ-दहा दिवसांनी त्याला गोल भोक पाडून जे बाहेर येतं, ती अळी नसते, नवी माशी असते. तीही लगेच अंडी शोधायला निघते.

आपल्याला मिळतं ते ट्रायकोकार्ड. प्रयोगशाळेत भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर तांदळातला पतंग वाढवतात, त्याची अंडी कार्डावर चिकटवतात आणि त्यांत ट्रायकोग्रामाला अंडी घालू देतात. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी. कापसाला एकरी तीन कार्डं धरा. खुणेवर कापून पट्ट्या शेतभर पानांच्या खालच्या बाजूला स्टेपल करा. काम सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, उन्हात नको. मुंग्यांवर लक्ष ठेवा, त्या कार्डावरची अंडी पळवतात. पुढची खेप आठवड्या-दहा दिवसांनी.

घेताना जात विचारा. उसाच्या खोडकिडीसाठी मिळतो तो ट्रायकोग्रामा चिलोनिस. गुलाबी बोंडअळीसाठी शिफारस आहे ती त्याच्या भाऊबंदाची, ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री. दुकानात नेहमी मिळेलच असं नाही. फवारणीच्या औषधाची बाटली वर्षभर फळीवर राहते, कार्डातल्या माश्या आठवडाभरात उडून जातात. दुकानदाराला ते कसं परवडावं? म्हणून कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे आधीच मागणी नोंदवा.

वेळ कळायला एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे) लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस आले की फवारणीची पातळी गाठली असं समजतात. कार्डासाठी तिथवर थांबू नका. पतंग यायला लागले की कार्ड लावा.

आणि कार्ड लावल्यावर आठवडाभर पंप खाली ठेवा. विषारी औषध अळीआधी या माशीला मारतं. तुडतुडे, मावा यांवर मात्र तिचा काही इलाज नाही. त्यांच्यासाठी निंबोळी अर्कानं सुरुवात करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याला कुणी सांगायला नको. एक फवारणी जरी वाचली, तरी पाठीवर पंप घेणाऱ्याचा एक दिवस त्या विषातून सुटला.

कार्डाचा दर्जा घरीच तपासता येतो. एक पट्टी काचेच्या बाटलीत टाका, तोंडाला पातळ कापड बांधा आणि सावलीत ठेवा. पाकिटावर लिहिलेल्या तारखेच्या आसपास आत पिठाच्या कणांएवढे जीव काचेवर चालताना दिसले, तर कार्ड चांगलं. चार दिवस उलटूनही काही हललं नाही, तर पाकीट आणि पावती घेऊन जिथून आणलं तिथं जा, आणि शेतात त्या कार्डाच्या भरवशावर राहू नका. नमस्कार.